उडीचं बटण

“मारामारीच्या खेळाचं काही आहे का तुमच्याकडे?”

मी एका मिक्सरच्या मोटरीत डोकं घालून बसलो होतो. मान वर केली तर काउंटरपलीकडे साठीच्या एक बाई उभ्या. केस घट्ट मागे बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बाई दुकान चुकल्या असणार, असं मी मनात म्हटलं.

“काय म्हणालात?”

“मारामारीचा खेळ हो. कन्सोलवर खेळतात तो. एक तुम्ही, एक समोरचा, आणि जो आडवा होईल तो हरला.” त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला. “ह्याच्याऐवजी दुसरं काहीतरी हवंय. डावा अंगठा न लागणारं.”

“नातवाचा का?”

“माझा.”

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी मी त्याने आणलेल्या वस्तूशी बोलतो, कारण वस्तू थापा मारत नाही. मी कंट्रोलर दिव्याखाली धरला. त्याच्या डावीकडे अधिकच्या चिन्हासारखी एक कळ असते, अंगठ्याने ती दाबली की पडद्यावरचा गडी हलतो. ती कळ दोनच बाजूंनी झिजून गुळगुळीत झाली होती, खाली आणि पुढे. बाकी दोन बाजू जवळजवळ नव्या होत्या. असलं झिजणं मी ओळखतो. तरुणपणी नऊ वर्षं मी एका गेम पार्लरमध्ये मशीन दुरुस्त करायला होतो. नुसती बडवाबडवी करणाऱ्यांच्या हाताखाली सगळं सारखंच झिजतं. खाली-पुढे, खाली-पुढे असा रोजचा सराव करणारे फार थोडे, आणि त्यांच्या वाटेला कोणी जात नसे.

मग मी बाईंकडे नीट पाहिलं. डाव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टा बांधलेला होता.

“सांधा झिजलाय अंगठ्याच्या मुळाशी,” त्या म्हणाल्या. “चमचा धरता येतो, कुलूप उघडता येतं. पण ही कळ पाच मिनिटं दाबली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात.”

“मग द्या की सोडून. ह्या वयात कशाला उगाच...”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे असं काही बघितलं की पुढचे शब्द मी गिळले. मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या.

अडतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश सांगायचे, ह्या टाइप करायच्या. वकील, शिपाई, चहावाला सगळे त्यांना टायपिस्टबाईच म्हणायचे, आणि आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी शेजारीपाजारी तेच म्हणतात. एक मुलगी. लांब दुसऱ्या शहरात पुलाच्या कामावर इंजिनियर आहे.

“ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर पोरीने माझ्याशी बोलणंच टाकलं. हो, नाही, भूक नाही, झालं. शाळेतून आली की टीव्हीसमोर बसायची आणि हा खेळ. मी समजावलं, रागावले, तिच्यापुढे रडले सुद्धा. काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस ऑफिसातून आले, चपला काढल्या, दुसरा कंट्रोलर उचलला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने मला एका मिनिटात लोळवलं. आणि म्हणाली, ‘आई, तुला काहीच येत नाही.’ चार महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली होती, भाऊ. मग म्हटलं, हेच शिकायचं.”

“आणि शिकलात.”

“शिकले. आता ती तिथे, मी इथे. दर रविवारी चार वाजता खेळतो, पूर्वी शेजारी बसून, आता नेटवरून. दहा डाव. वीस वर्षांत एक रविवार चुकलेला नाही.”

“जिंकतं कोण?”

“तीच. सात तिचे, तीन माझे. कधी चार. पण घाम काढते मी तिचा.” बाई हसल्या, आणि मग हसू ओसरलं. “मागच्या महिन्यात माझ्या तोंडून अंगठ्याचं निघून गेलं. जीभ चावायला हवी होती. तेव्हापासून ती मला जिंकू देतेय.”

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक घरातल्या दुखण्याबद्दल सांगतात. मी मिक्सरचं झाकण उगाचच फिरवत राहिलो.

“मला दयामाया नकोय,” त्या म्हणाल्या. “मला मार हवाय. पहिल्यासारखा.”

मी आतून तीन वस्तू काढल्या आणि काउंटरवर ओळीने मांडल्या. पहिला होता मोठ्या कळीचा, सहा बटणांचा कंट्रोलर. मारामारीच्या खेळासाठी पुष्कळ लोक तो घेतात. बाईंनी हातात धरला, दोनदा दाबला आणि परत ठेवला. कळ मोठी असली तरी काम अंगठ्याचंच होतं.

दुसरी माझी लाडकी. पार्लर बंद पडलं तेव्हा मालकाने एका मशीनचा सांगाडा मला देऊन टाकला होता. त्यातला लिव्हर आणि बटणं काढून मी एका लाकडी पेटीत बसवली, आत कन्सोलला चालेल असा सर्किट बोर्ड टाकला. डाव्या हाताने लिव्हर फिरवायचा, उजव्या हाताने ठोसे मारायचे. लिव्हरच्या टोकाला लाल गोळा. तो तळहातात घेतला की मला अजूनही विशीतला झाल्यासारखं वाटतं.

“ह्याच्यापुढे सगळं झूट,” मी म्हणालो. “मनगटाचं काम आहे. अंगठा नुसता टेकवायचा.”

“आणि ते तिसरं?”

तिसरा होता एक चपटा डबा. त्याला लिव्हर नाही, कळ नाही, नुसती गोल बटणं. पुढे जायला बटण, मागे जायला बटण, खाली बसायला बटण. एका गिऱ्हाइकाने मागवून घेतला आणि फिरकलाच नाही.

“ते सोडा हो. ती दारावरच्या बेलची पाटी आहे. लढायला हातात काहीतरी धरायला नको का?”

मी लिव्हरचं गुणगान गाऊन गाऊन त्यांना ती लाकडी पेटी घरी न्यायला लावली. “रविवारी खेळून बघा, मग सांगा,” म्हणालो. आपल्या आवडीची वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची खोड दुकानदाराला असतेच. माझ्यात ती जरा जास्तच आहे.

सोमवारी मी शटर वर करतोय तोच बाई हजर. पेटी छातीशी धरलेली.

“काय झालं रविवारी?”

“दहाच्या दहा जिंकले,” त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा बघून मला अभिनंदन करायचा धीर झाला नाही.

“मनगट दुखलं नाही, तुमचं म्हणणं खरं आहे. पण माझा हात त्याच्यावर आंधळा आहे हो. म्हातारा भलतीकडेच चालत सुटायचा.” म्हातारा म्हणजे त्यांचा खेळातला गडी, पांढऱ्या दाढीचा. “आणि लेकीची ती खेळातली पोरगी समोर नुसती उभी. हातात काठी आहे, मारत नाही. शेवटी तर माझ्यावर येऊन आदळायची, माझाच ठोसा लागावा म्हणून. वर म्हणते, ‘आई, काय मस्त खेळतेस गं!’” बाईंनी पेटी काउंटरवर ठेवली. “खोटं बोलायला मी कधी शिकवलंच नाही तिला. म्हणून तिला ते धड जमतही नाही.”

मला माझीच लाज वाटली. मी तो चपटा डबा पुढे ठेवला, दुकानातल्या टीव्हीला आणि कन्सोलला जोडला आणि सरावाची खोली उघडली. ह्या खेळात तशी एक खोली असते. तिथे समोरचा गडी नुसता उभा राहतो आणि मुकाट्याने मार खातो.

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. पाठ ताठ केली. मग दोन्ही हात हवेत उचलून त्यांनी डब्यावर ठेवले.

त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताची तीन बोटं मागे, खाली, पुढे ह्या बटणांवर आपोआप पडली. उजव्या हाताची चार ठोशांच्या रांगेवर. दुखरा डावा अंगठा हवेत मोकळा राहिला आणि उजवा अंगठा खालच्या मोठ्या बटणावर जाऊन टेकला. क्षणभर त्या तशाच बसल्या. आणि मग टकटक, टकटकटक, टक, अशी जी बोटं सुटली, की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून दिला. पार्लरमध्ये मी भलेभले हात पाहिलेत. एका हाताने सिगारेट सांभाळत दुसऱ्याने मशीन हरवणारे पाहिलेत. असे हात पाहिले नव्हते. एकही बोट उगाच उचलत नव्हतं, एकही चुकून दुसऱ्याच्या जागेवर जात नव्हतं. अडतीस वर्षं लोकांच्या भांडणांची, खुनांची, वाटण्यांची वाक्यं ह्या बोटांतून कागदावर गेली होती, आणि ती बोटं अजून जशीच्या तशी होती. अंगावर काटा आला माझ्या. हे मी कोणासमोर कबूल करणार नाही, पण आला.

पडद्यावर मात्र गोंधळ होता. म्हातारा चालत होता, बसत होता, ठोसेही मारत होता. पण त्याचा खास डाव, तळहातातून निळा गोळा फेकायचा, तो काही केल्या निघेना. त्यासाठी खाली, मग तिरपं, मग पुढे आणि ठोसा, असं एका दमात व्हावं लागतं. लिव्हर नुसता गोल फिरवला की होतं ते. बटणांवर बाई खाली दाबत होत्या, पुढे दाबत होत्या, ठोसा मारत होत्या, सगळं स्वच्छ. आणि म्हातारा हवेत एक ठोसा मारून गप्प.

“डबाच भिकार आहे,” मी म्हणालो आणि तो उघडून बसलो. वायर तपासल्या. बटणं एकेक करून तपासली. सगळं ठीक होतं. पुन्हा बंद केला, पुन्हा तेच. मी बोर्ड बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, मग नेटवाल्यांना घातल्या, आणि नेटचा तर इथे संबंधही नव्हता. बाई शांतपणे पुन्हा पुन्हा दाबत होत्या. शेवटी मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि नुसता त्यांच्या बोटांकडे बघत बसलो.

तेव्हा दिसलं. खालच्या बटणावरचं बोट पूर्ण वर उचललं गेल्याशिवाय पुढच्या बटणावरचं बोट खाली येतच नव्हतं.

“बाई, दोन्ही एकदम दाबली जायला हवीत. खालचं धरून ठेवा आणि त्याच्यावर पुढचं दाबा. तरच तिरपं होतं.”

“एकदम?” बाई माझ्याकडे बघायला लागल्या. “असं कसं करणार? खिळे अडकतील ना!”

बोलून झालं आणि दोघांनाही कळलं. त्या आधी हसल्या, मग मी. असे हसलो की समोरचा शिंपी दारात येऊन बघून गेला. जुन्या टाइपरायटरवर दोन अक्षरं एकदम दाबली की त्यांचे खिळे वर जाऊन एकमेकांत अडकतात. अडतीस वर्षं बाईंनी तेवढी एकच गोष्ट होऊ दिली नव्हती.

“पण असं एकही बटण नव्हतं का तुमच्या मशीनवर, जे धरून ठेवायचं आणि दुसरं दाबायचं?” मी विचारलं.

बाईंनी एकदम डोळे मोठे केले. “शिफ्ट,” त्या म्हणाल्या.

“मग खालचं बटण म्हणजे शिफ्ट समजा.”

त्यांनी हात पुन्हा ठेवले. टक, टकटक. म्हाताऱ्याने गुडघे वाकवले आणि त्याच्या तळहातातून निळा गोळा सुटला तो थेट समोरच्याच्या छातीवर. पुन्हा गोळा. पुन्हा. वीस वेळा दाबलं तर वीस गोळे, एकही वाया नाही. माझ्या लिव्हरवर माझे विसातले पंधरा निघतात, आणि तेवढ्यावर मी पार्लरमध्ये छाती काढून फिरायचो.

मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गोळ्यानंतर म्हातारा टुणकन उडी मारतोय.

“उडी कशाला मारताय मध्येच?”

“मी कुठे मारतेय?”

“ही बघा. गोळा, उडी. गोळा, उडी.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. उडीचं बटण म्हणजे ते खालचं मोठं बटण. एक शब्द टाइप करून झाला की उजव्या अंगठ्याने जागा सोडायची, ही त्या हाताची सवय. गोळा पुरा झाला की अंगठा आपलं काम करून मोकळा होत होता, बाईंना न विचारता.

“हे मारक आहे,” मी म्हणालो. “हवेत असलेल्या माणसाला अंग चोरता येत नाही. समोरच्याला एकदा कळलं की संपलात. मी ते बटण वरच्या बाजूला हलवून देतो, दहा मिनिटांचं काम.”

“नको. रविवारपर्यंत सवय मोडते मी.”

आठवडाभर त्या रोज दुपारी दुकानात आल्या. सराव करायच्या, आणि मी त्यांच्या टकटकीवर माझी कामं करायचो. सवय काही मोडली नाही. अंगठ्याला चिकटपट्टी लावून पाहिली, अंगठ्याखाली खोडरबर धरून पाहिलं. लक्ष ठेवलं की अंगठा गप्प बसायचा आणि मग बाकीची बोटं अडखळायची. लक्ष काढलं की उडी. शनिवारी त्या म्हणाल्या, “उद्या घरी येऊन जोडून द्याल का? काही बिघडलं तर कोणीतरी असावं.” रविवारी मी कोणाकडे जात नाही. हो म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत टीव्ही, त्याच्यासमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी, जरी माणूस एकच राहत असलं तरी. खिडकीजवळच्या टेबलावर राखाडी रेक्झिनच्या कव्हराखाली टाइपरायटर. कोर्टात नवी मशीन आली आणि जुनी भंगारात निघाली, तेव्हा बाईंनी आपलं मागून घेतलं होतं. बरीच वर्षं संध्याकाळी घरी आणलेलं काम त्या त्याच्यावर करायच्या, आणि लेक आतल्या खोलीत झोपलेली असायची.

टीव्हीपाशी लावलेल्या माइकमधून इकडचं लेकीला ऐकू जायचं. चार वाजता टीव्हीतून तिचा आवाज आला. “आई, आलीस? अंगठा कसा आहे?”

“अंगठ्याचं काय विचारतेस? खेळ.”

मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिला डाव सुरू झाला. काठीवाली पोरगी डुलत डुलत पुढे आली, मार खायच्या तयारीने. म्हाताऱ्याने निळा गोळा फेकला, मग दुसरा, मग जवळ जाऊन चार ठोसे असे लावले की मोजायला सवड नाही. पोरगी आडवी.

टीव्हीतून आवाज आला, “आई, काय होतं हे?”

“काही नाही. पुढचा.”

“कोणी आलंय का तिथे? दुसरं कोणी खेळतंय?”

“मीच आहे गं बाई. खेळ म्हटलं ना!”

दुसऱ्या डावात ती सावध होती. तिसऱ्यात काठी फिरायला लागली, पण अजून हात राखून. बाई तिन्ही डाव जिंकल्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. चौथ्यात गोळा, उडी, गोळा, उडी असं चाललं होतं आणि काठीवाली पोरगी मध्येच थांबली. जागच्या जागी, काठी खाली घेऊन. म्हाताऱ्याने पुन्हा गोळा फेकला आणि पुन्हा उडी मारली.

टीव्हीतून हसू आलं. आधी दबकं, मग खळखळून.

“आई! तू स्पेस मारतेयस!”

बाईंचे हात थांबले.

“टकटकटक आणि मग धप्प. तेच आहे गं! रोज झोपताना ऐकलंय मी. धप्प झालं की मला कळायचं, आईचा एक शब्द झाला. मी शब्द मोजत झोपायचे.” आवाज जरा हलला. “बाबा गेल्यावर तर रोज मोजायचे. आवाज आहे म्हणजे तू आहेस, म्हणून.”

चष्म्याची दोरी बाईंनी उगाच सारखी केली. वीस वर्षं लेकीला बोलतं ठेवायला त्या हा खेळ खेळत होत्या. त्या आधीही त्यांच्या हातांशी पोरीचं काहीतरी चाललेलं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“आई, म्हणजे तुझे दोन्ही हात चालतायत?”

“चालतायत.”

“दुखत नाही?”

“नाही. आणि तू जर आता मला एकही डाव सोडलास ना, तर पुढच्या रविवारी मी टीव्ही लावणार नाही.”

टीव्हीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “बरं,” लेक म्हणाली. “मग मर आता.”

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. काठीवाली पोरगी पडद्यावर अशी सुटली की माझीच मान मागे गेली. ती गोळ्याखालून सरपटत यायची आणि उडीची वाट बघायची. अंगठा खाली गेला की काठी वर. प्रत्येक धप्पला एक फटका. म्हातारा हवेतून खाली यायचा तो पाठीवरच. चौथा डाव गेला, पाचवा गेला, सहावा, सातवा. वीस वर्षांची माहिती लेकीच्या हातात होती आणि ती त्यातलं काहीही राखून ठेवत नव्हती. आणि बाई! गाल लाल झालेले, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले, आणि बोटं पावसासारखी पडतायत. आठवा गेला. नववा गेला. मी दोन माणसांना इतक्या प्रेमाने एकमेकांना हाणताना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी हळूच वाकलो. “बाई, अजून सांगतो, बटण हलवून देतो. दोन मिनिटं थांबायला सांगा तिला.”

“हात लावू नका,” बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “माझ्या आवाजाने ओळखते ती मला.”

दहावा डाव. दोघींचीही ताकद संपत आली होती. एक फटका ज्याचा लागेल तो जिंकणार. म्हाताऱ्याने गुडघे वाकवले, टक, टकटक, गोळा सुटला. पोरगी त्याच्याखालून सरपटत आली आणि उडीला फटका द्यायला काठी उगारून हवेत उसळली.

म्हातारा जमिनीवरच होता.

बाईंचा उजवा अंगठा बटणाच्या वर, केसभर अंतरावर थांबला होता. अडतीस वर्षांची सवय असलेल्या त्या अंगठ्याने या वेळी जागा सोडली नव्हती. काठी रिकाम्या हवेत फिरली, पोरगी खाली आली, आणि ती खाली येईपर्यंत बाईंकडे सगळा वेळ होता. त्यांनी ठोशाच्या बटणावर एकच बोट ठेवलं. टक.

काठीवाली पोरगी आडवी.

“ह्याला म्हणतात!” लेक ओरडली. “आई, ह्याला म्हणतात! कसं थांबवलंस?”

“थांबवलं,” बाई म्हणाल्या.

“पहिले तीन काही धरायचे नाहीत हां. ते मी खेळलेच नव्हते. म्हणजे खरं तर तुझा एकच.”

“एकच,” बाई म्हणाल्या. “एक माझा, सहा तुझे.”

“पुढच्या रविवारी तोही नाही मिळणार.”

“बघू.”

जेवलीस का, औषध घे, असं मायलेकी फोनवर जे बोलतात ते बोलून झालं आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. मी माझी पिशवी उचलली. त्यात लाल गोळ्याचा लिव्हर तसाच होता. बाईंना पटला नाही तर डबा काढून हा जोडून देऊ, म्हणून मी तो गुपचूप बरोबर आणला होता. आता पिशवीची चेन लावून टाकली.

बाई उठून खिडकीजवळ गेल्या. टाइपरायटरवरचं राखाडी कव्हर त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, आणि आणून त्या चपट्या डब्यावर घातलं. संध्याकाळी काम संपलं की मशीन झाकायचं, तसं. कव्हर फारच मोठं होत होतं. त्यांनी खाली वाकून त्याच्या कडा एकेक करून आत दुमडल्या, नीट दाबून बसवल्या.

खिडकीजवळ टाइपरायटर आता उघडा होता, त्याचा खालचा लांब दांडा अंगठ्याच्या जागी झिजून पांढरा पडलेला. बाई त्याच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग उजवा अंगठा त्या पांढऱ्या जागेवर ठेवून त्यांनी एकदाच दाबला. धप्प.